टाच टेकेपर्यंत

ईरा आणि नील,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईराने विचारलं, "आजी, तुला तेव्हा खूप दुखत होतं का?" आणि तुमच्या बाबाने लगेच विषय मेलबर्नच्या थंडीवर नेला. समीरला वाटतं, ते आठवून मला त्रास होतो. मला त्रास होतो तो उत्तर अर्धवट राहिल्याचा. सगळी नोकरी मी सरकारी कार्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावण्यात घालवली. उघडं टाकलेलं पुस्तक मला अजूनही बघवत नाही. म्हणून हे लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचा आणि अडलं तर आईला विचारा.

आणखी एक कारण आहे. आमच्या सोसायटीतल्या मिसेस भाटियांच्या बहिणीला मला झाला होता तोच आजार झाला आहे. परवा लिफ्टमध्ये त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आप तो बिल्कुल ठीक हो गईं ना?" तेवढ्यात त्यांचा मजला आला. त्यांना मी घरी जाऊन सांगणार आहे, पण त्याआधी माझ्यापाशी सगळं नीट लावून घ्यायला हवं.

ओळीतली जागा

ईरा, तू सहा वर्षांची होतीस आणि तुम्ही नोएडाला राहत होतात. शाळा सुटली की तू आमच्याकडे मयूर विहारला यायचीस. संध्याकाळी मी तुला सोसायटीच्या हॉलमध्ये कराटेला न्यायचे आणि भिंतीशी खुर्ची टाकून विणत बसायचे. एके दिवशी तुझे रावत सर म्हणाले, "आंटी, रोज़ बैठकर देखती हैं. एक दिन खड़े होकर देखिए." मी हसण्यावारी नेलं, आणि पुढच्या आठवड्यात उभी राहिले. तू पिवळा पट्टा घेऊन ऑस्ट्रेलियाला गेलीस. मी इथेच राहिले आणि हळूहळू हिरव्या पट्ट्यापर्यंत पोचले.

नीलला हे सगळं नवीन आहे, म्हणून सांगते. कराटेच्या वर्गात वय कोणी विचारत नाही. वर्ग सुरू होताना सगळे एका ओळीत उभे राहतात, पट्ट्याच्या क्रमाने, वरचा पट्टा उजवीकडे. माझ्या उजवीकडे नववीतला एक उंच मुलगा, डावीकडे सहावीतली तन्वी, आणि मध्ये साठी उलटलेली मी. त्या मुलाला मी वाकून नमस्कार करायचा आणि तन्वीने मला.

बाकीचे नियमही तसेच. पट्टा सैल झाला तर सगळ्यांसमोर बांधायचा नाही, भिंतीकडे तोंड करून बांधायचा. यायला उशीर झाला तर थेट आत शिरायचं नाही. दाराशी गुडघ्यांवर बसून मान खाली घालायची आणि सरांनी मान हलवली की मग ओळीच्या टोकाला जायचं. उशीर का झाला ते सांगायचं नाही, कोणी विचारतही नाही. आणि परीक्षेत नापास झालं तरी पास झाल्यावर वाकतो तितकंच वाकायचं.

रावत सर बघतात ते पायांकडे. पुढचा पाय वाकलेला, मागचा ताठ आणि मागच्या पायाची टाच जमिनीला घट्ट टेकलेली, हा आमचा रोजचा पवित्रा. टाच खरंच टेकली आहे का, ते सर एका कागदाने पाहतात. पेपरातून कोचिंग क्लासची, पिझ्झाची पत्रकं पडतात ना, त्यातलं एक ते टाचेखाली सरकवतात आणि दोन बोटांनी ओढतात. कागद अडकला तर टाच टेकली. निसटला तर नाही, मग तुम्ही काहीही म्हणा.

कागद निसटला

निळ्या पट्ट्याची परीक्षा रविवारी होती. त्या बुधवारी सराव होता. पायाच्या बोटांना दोन-तीन दिवस मुंग्या येत होत्या. मी हॉलमधल्या नव्या मॅटला दोष दिला, तुमच्या आबांनी माझ्या नव्या चपलांना. त्याआधी घरात सगळ्यांचं पोट बिघडलं होतं, ते तर आम्ही विसरूनही गेलो होतो.

"आंटी, एड़ी," सर म्हणाले.

"नीचे है, सर."

मला खरंच वाटत होतं, की टाच खाली आहे. सरांनी कागद सरकवला आणि ओढला. तो लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला.

"दबाइए."

"दबा रही हूँ, सर."

पुन्हा निसटला. सरांनी कागदाची घडी करून खिशात टाकली आणि हळूच म्हणाले, "ज़रा पंजों पर खड़ी होइए." मी चवड्यांवर उभं राहायचा प्रयत्न केला. टाचा जागच्या हलल्या नाहीत. मुलं चुळबुळ थांबवून बघायला लागली.

"आज बस. अंकल को फ़ोन कर लीजिए."

हॉलमधून निघताना वाकून नमस्कार करायचा असतो. मी वाकले, आणि वर येता येईना. आबा धावत आले तेव्हा मी दाराशी फतकल मारून बसले होते. त्यांनी मला काखेत हात घालून उचललं. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता, की मीच त्यांना म्हणाले, "अहो, जपून. तुमची कंबर."

हातोडी

रुग्णालयात मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, केसांना पेन खोचलेलं. त्यांनी रबरी हातोडीने गुडघ्यावर टकटक केलं. गुडघा उडायला हवा होता, तो निवांत पडून राहिला.

"ज़रा ज़ोर से मारिए ना," आबा म्हणाले.

"ज़ोर से मारने से नहीं होगा, अंकल."

मग पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, नसांना विजेचे बारीक धक्के देऊन पाहिले. दुपारी त्या पलंगावर माझ्या पायाशी येऊन बसल्या आणि त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गियाँ-बारे. कधी कधी पोट बिघडून गेल्यावर शरीराची रखवाली करणारी फौज चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. हे पायांपासून सुरू होतं आणि वर वर चढतं. बहुतेकांच्या बाबतीत कुठेतरी थांबतं आणि मग माघारी फिरतं. कुठे थांबेल, ते आधी सांगता येत नाही.

"चल पाऊँगी ना?" मी विचारलं.

"ज़्यादातर लोग चलते हैं," त्या म्हणाल्या. "लेकिन पहले साँस देखनी है."

मला काय वाटलं ते सांगू? काहीच वाटलं नाही. मी म्हणाले, "रविवार को मेरी परीक्षा है."

"कौन सी परीक्षा?"

"कराटे. ब्लू बेल्ट."

त्यांनी कागदावरचं माझं वय पुन्हा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "इस संडे तो नहीं, आंटी." त्या गेल्यावर मला रडू फुटलं. पट्ट्यासाठी रडले की पायांसाठी, ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. संध्याकाळी हातातला पाण्याचा पेला आपोआप कलला आणि चादर भिजली. तोवर ते हातांपर्यंत चढलं होतं.

एका श्वासात

ईरा, हो, दुखत होतं. पाठ आणि मांड्या आतून पिळल्यासारख्या दुखायच्या आणि पायांवर चादरसुद्धा जड वाटायची. पण दुखण्याची सवय होते. भीतीची होत नाही. अतिदक्षता विभागातल्या छताकडे बघताना मला एकच विचार यायचा, की हे आता कुठवर आलं असेल.

ते मोजायची तिथे एक साधी रीत होती. सिस्टर मीना म्हणून अलवरची एक परिचारिका दर थोड्या वेळाने यायची आणि सांगायची, "माताजी, लंबी साँस लीजिए, और एक साँस में जितना हो सके गिनिए." आकडा खूपच खाली आला, तर श्वासाचं यंत्र लावणार होते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना आपसात बोलताना मी ऐकलं होतं.

मोठ्याने मोजायचं म्हटलं की मला जपानीच सुचतं, कारण वर्गात आम्ही प्रत्येक ठोशाला तसंच ओरडतो. "इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, क्यू, जू." दहा झाले की परत पहिल्यापासून.

"ये कौन सी गिनती है, माताजी? मेरे को लिखना भी है."

"जापानी. दस तक है. जितनी बार होगा, लगा लो."

सुरुवातीला मी दहाचा एक फेरा पुरा करून दुसऱ्यातही शिरायचे. मग एकदाच पुरा व्हायला लागला. मग एका दुपारी 'हाची'ला, म्हणजे आठला, श्वास संपला. सिस्टर मीनाने आकडा लिहून घेतला. तिने माझी उशी उगीचच सारखी केली.

आबा काचेच्या पलीकडे उभे असायचे. भेटायच्या वेळी मास्क लावून आत आले, माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "शालू, हाचीच्या पुढे काय असतं?"

"क्यू."

"मग म्हण ना."

बस, एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी गोड बोलून दाखवलं नाही. पण त्या दिवशी मला कळलं, की काचेपलीकडे ते माझ्या ओठांबरोबर मोजत होते.

तिथली आणखी एक गोष्ट मी जपून ठेवली आहे. वर्गात पट्टा सुटला की आपण भिंतीकडे वळतो. इथे मला कुशीवरही वळता येत नव्हतं आणि गाउन दिवसातून कितीदा तरी बदलला जायचा. सिस्टर मीना पडदा ओढायची आणि गाठी मारताना स्वतः मान वळवून भिंतीकडे बघायची. तिला कोणी शिकवलं होतं की नाही, कोण जाणे. माझ्याऐवजी ती वळत होती.

नसेतून औषध चालू होतं. माझी आई नागपूरला आम्हाला झोपवताना बुद्धवंदनेतलं त्रिशरण तीनदा म्हणायची, तेच मी मनात म्हणायचे. बहुतेक वेळा तिसऱ्यांदा म्हणण्याआधी डोळा लागायचा. दीड दिवस आकडा 'हाची'वर अडून राहिला. खाली गेला नाही, वरही आला नाही. मग एका सकाळी 'क्यू' आला आणि दुसऱ्या दिवशी 'जू'.

"वो जू वाला आ गया?" सिस्टर मीनाने विचारलं. तिने काचेकडे बघून अंगठा दाखवला. आबा तिथेच खुर्चीवर बसले, एकदम, कोणीतरी दोरी कापल्यासारखे.

स्पेशल केस

मला वॉर्डात हलवल्यावर आबांनी एक उद्योग केला.

तुमच्या आबांची अख्खी नोकरी दिल्लीच्या फायलींमध्ये गेली. कुठलाही नियम दिसला की त्यातून सूट कशी काढायची, हे त्यांना पाठ असतं. ते किलोभर मिल्क केक घेऊन रावत सरांकडे गेले आणि म्हणाले, की मॅडमची तयारी पूर्ण झाली होती, परीक्षा वैद्यकीय कारणाने हुकली, तेव्हा स्पेशल केस म्हणून, नियम शिथिल करून, निळा पट्टा द्यावा. मी रुग्णालयात नेऊन देतो, तिला बरं वाटेल.

सर म्हणाले, "अंकल जी, दे तो दूँ. फिर आंटी मुझसे बात करेंगी?"

आबा तणतणत माझ्याकडे आले. "एवढासा कापडाचा पट्टा! बाजारात मिळतो! माणूस आहे की कोण आहे तो? आणि मिल्क केक मात्र मुलांमध्ये वाटून टाकला."

मला हसू आलं. आजारात माझा अर्धा चेहरा सैल पडला होता, त्यामुळे हसू एकाच बाजूने आलं. आबांना वाटलं मी रडते आहे आणि तेच रडायला लागले. "उगी," मी म्हणाले. हात उचलता येत असता तर डोळे पुसले असते त्यांचे.

सांडू द्या

घरी आले ती चाकांच्या खुर्चीवर. समीर धावत आला होता. त्याला आम्हा दोघांना मेलबर्नला न्यायचं होतं, आबांना दिल्ली सोडायची नव्हती, आणि दोघं स्वयंपाकघरात दबक्या आवाजात माझ्यावरून भांडायचे.

"पाय गेलेत माझे, कान नाही!" मी बाहेरून ओरडले. आतून फक्त कुकरची शिट्टी आली.

समीर परत गेला आणि माझी खरी लढाई सुरू झाली, ती आबांच्या प्रेमाशी. ते मला चमचाही धरू देत नव्हते. मी वाटीकडे हात नेला की त्यांचा हात आधी पोचायचा. मी वॉकर धरून उभी राहिले की ते मागे दोन्ही हात पसरून उभे, फुलदाणी पडणार असल्यासारखे. एका दुपारी वरणाचा चमचा त्यांनी माझ्या तोंडाशी आणला आणि मी तोंड मिटून घेतलं.

"काय झालं? गरम आहे?"

"मला सांडू द्या."

"अगं, कशाला उगाच..."

"सांडू द्या म्हणते ना मला!" मी इतक्या जोरात ओरडले, की मलाच नवल वाटलं, एवढा श्वास परत आला? आबा चमचा ठेवून गॅलरीत गेले. मी जेवले. निम्मं वरण गाउनवर गेलं. ते परत आले, गाउन बघितला, आणि मोठा टॉवेल आणून माझ्या गळ्यात बांधला. ज्यांच्या घरात हा आजार आला असेल, त्यांना मी एवढंच सांगेन, की सांडण्याची तयारी ठेवा, दोघांनीही.

पायांचे व्यायाम शिकवायला गरिमा नावाची मुलगी यायची. उभं राहून टाच टेकवा, ती म्हणायची, पण माझे तळवे अजून बधिर होते. टाच टेकली की नाही, ते मला कळायचंच नाही. तेव्हा मला रावत सरांचा कागद आठवला. आबा पेपरातली पत्रकं जमवून ठेवायला लागले. रोज सकाळी मी स्वयंपाकघराचा ओटा धरून पाय मागे टाकायचे आणि ते गुडघ्यात कळ असताना खाली बसून कागद ओढायचे. सुरुवातीला रोज निसटायचा. मग एके दिवशी म्हणाले, "अडकला!" मग रोजच अडकायला लागला. मी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायचे. टाळ्या वाजायला लागल्या होत्या, ही वेगळीच गंमत.

उशिरा

काठी घेऊन मी पुन्हा हॉलच्या दाराशी गेले, तेव्हा वर्ग सुरू झाला होता. गुडघ्यांवर बसणं शक्य नव्हतं. मी काठी भिंतीला टेकवली, चौकट धरली, मान खाली घातली आणि थांबले.

रावत सरांनी मला पाहिलं होतं. ते मोजत राहिले. मुलं ठोसे मारत राहिली. माझे पाय थरथरायला लागले. बाहेरच्या व्हरांड्यात आबा फुसफुसत होते, "दिसत नाहीये का त्याला? खुर्ची तरी द्यावी!" मी हाताने त्यांना गप्प केलं. मी सात महिने उशिरा आले होते. उशिरा आलेल्याला थांबावंच लागतं.

ती फेरी संपली. सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, रोज हलवतात तशी. मी वाकले, आणि या वेळी वर येता आलं.

ओळीत जाताना तन्वीचे कान लाल झाले. तिने तोवर निळा पट्टा घेतला होता. "आंटी, आप... अब मेरे लेफ़्ट में," ती पुटपुटली. मी तिला वाकून नमस्कार केला. ती इतकी वाकली, की तिची पोनीटेल नाकावरून पुढे आली.

परीक्षा

पुढच्या परीक्षेला बसायचं मी ठरवलं तेव्हा सरांना एकच मागितलं, की परीक्षकांना आजाराचं सांगू नका. परीक्षक रोहतकचे एक वयस्क गुरुजी होते, भुवया झुडपासारख्या. आबा मागच्या खुर्च्यांवर मुलांच्या आयांमध्ये बसले होते.

ठरलेल्या हालचालींची मालिका मी एकटीने करून दाखवली. चुकले नाही, पडले नाही, आवाजही चांगला निघाला. शेवटचा ठोसा मारून स्थिर उभी राहिले तेव्हा वाटलं, झालं. मग सगळ्यांना ओळीत उभं करून निकाल सांगितले. माझ्यापाशी गुरुजी थांबले.

"पीछे वाली एड़ी उठ रही है. हर मोड़ पर. एड़ी ज़मीन पर नहीं, तो मुक्के में कुछ नहीं. अगली बार टिकाकर आइए."

"ओस्स!" वर्गात सरांना देतो तसा होकार मी दिला आणि पूर्ण वाकले.

वाकलेली असतानाच मला तो शब्द ऐकू आला. ऐकला आधीच होता, पण पोचला तेव्हा. अगली बार. आजार झाल्यापासून माझ्याशी सगळे किती जपून बोलत होते. डॉक्टरीणबाई "देखते हैं" म्हणायच्या, समीर "आत्ता तरी" म्हणायचा आणि आबा तर संध्याकाळच्या पुढचं बोलतच नसत. आणि हा मनुष्य, ज्याला माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं, मी पुढच्या वेळी येणारच, असं धरून पुढच्या मुलाच्या कोपराकडे वळलाही होता. मी मान वर केली तेव्हा डोळे भरले होते. तन्वीला वाटलं मला नापास झाल्याचं वाईट वाटलं. तिने नियम मोडून माझी करंगळी धरली, क्षणभरच.

आबांबरोबर घरी निघाले. मला वाटलं, आता सरांचा उद्धार होणार. सोसायटीच्या कडुलिंबापाशी ते थांबले.

"शालू, मी कागद ओढतच नव्हतो."

"म्हणजे?"

"नुसता धरायचो. अडकला म्हणायचो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तू इतकी खूश झालीस, की मग..." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसत राहिले. "निसटायचा गं तो. रोज निसटला असता."

मला राग आला, ईरा. खराखुरा. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. कपडे बदलले, पट्ट्याची घडी केली, मग चहा टाकला. कप माझा मीच उचलला, आणि त्यांचाही मीच नेऊन ठेवला. दोन्ही बश्यांत थोडा थोडा सांडला.

"उद्यापासून ओढा," मी म्हणाले.

"तुला वाईट वाटेल."

"वाटू दे."

आरओची पत्रकं

तेव्हापासून तुमचे आबा रोज सकाळी ओट्यापाशी बसतात आणि ओढतात. "निसटला," ते सांगतात, फाईल नामंजूर करावी तशा आवाजात. मी पाय परत मागे टाकते. "निसटला." चहा निवतो. काही सकाळी मी चिडते, काही सकाळी ते. एकदा मी म्हणाले, जरा दमानं ओढा, तर म्हणतात कसे, "नियमात शिथिलता नाही."

परवा पेपरातून पाण्याच्या आरओ दुरुस्तीची पत्रकं पडली होती, चांगली जाड. त्यातलं एक डाव्या टाचेखाली सरकवून आबांनी ओढलं. ते आलं नाही. त्यांनी एक हात ओट्याला लावला आणि पुन्हा ओढलं. कागद टर्रकन फाटला. अर्धा त्यांच्या हातात, अर्धा माझ्या टाचेखाली.

आम्ही दोघं त्या तुकड्याकडे बघत राहिलो.

"खरंच ओढलात?" मी विचारलं.

"पेन्शनची शपथ."

मी टाच उचलली नाही. उचलावीशी वाटेना. तळव्याला फरशी गार लागत होती, आणि ती गार लागते आहे हे मला कळत होतं.

आबांनी आपला तुकडा नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मग हात लांब करून ढिगातलं दुसरं पत्रक उचललं.

"आता उजवी."

उजवीखालून कागद अलगद निसटून आला.

"परत," आबा म्हणाले.